छापण्यापूर्वीचा विचार : वृत्तपत्रे आणि कायद्याची जोखीम

वृत्तपत्राच्या एखाद्या पानाच्या तळाशी, वाचकाची दृष्टी सहसा जिथे पोहोचत नाही अशा ठिकाणी, मुद्रक, प्रकाशक, मालक व संपादक यांची नावे सांगणारी एक बारीक टाइपातील ओळ असते. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याने ती आली. त्या कायद्याची जागा १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीच्या नव्या कायद्याने घेतली असली, तरी ती ओळ अद्याप जागेवर आहे. अंकातील मजकुराबद्दल दाद मागायची झाल्यास ती कोणाकडे, हे सरकारास व फिर्यादीस विनासायास कळावे हा तिचा हेतू. आणि म्हणून वृत्तपत्राने कायद्याची जोखीम कशी व किती टाळावी हा प्रश्न ज्या दिवशी पत्र निघते त्या दिवसापासूनच त्याच्याबरोबर असतो. या प्रश्नावर संपादक, वकील, न्यायाधीश व पत्रकारसंघटना यांनी आजवर जे विचारमंथन केले त्याचा, आणि त्यातून जे निष्पन्न झाले व जे झाले नाही त्याचा, क्रमाने परामर्श घेण्याचा हा प्रयत्न आहे.

पूर्वपीठिका

मेटकाफने १८३५ साली परवान्याची सक्ती काढून टाकल्यावर हिंदुस्थानातील वृत्तपत्रांना छापण्यापूर्वी कोणाची अनुज्ञा घेण्याचे कारण उरले नाही, परंतु छापल्यानंतरचे उत्तरदायित्व मात्र क्रमाक्रमाने वाढत गेले. १८६० च्या दंडसंहितेत अब्रुनुकसानीची कलमे आली, १८७० साली राजद्रोहाचे १२४-अ हे कलम तीत घालण्यात आले, १८९८ साली वर्गावर्गांत द्वेष पसरविण्याबद्दलचे १५३-अ आणि १९२७ साली धर्मभावना दुखविण्याबद्दलचे २९५-अ. मध्यंतरी लिटनच्या अमदानीत देशी भाषांतील पत्रांपुरता १८७८ चा कायदा येऊन गेला, आणि १९१० च्या कायद्याने जामीनकीची रक्कम मागण्याचा व ती जप्त करण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला.

मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात या जोखमीचे दोन निरनिराळे प्रकार आरंभीच दृष्टोत्पत्तीस आले, आणि ते एकमेकांपासून वेगळे करून पाहिल्यावाचून पुढील सगळी चर्चा अस्पष्ट राहते. पहिला प्रकार १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणाचा. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या हातून तरुण महाराजांचा छळ होत असल्याचा समज पसरला असता, बर्व्यांची म्हणून दाखविण्यात आलेली काही पत्रे ग्राह्य मानून 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी मजकूर प्रसिद्ध केला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. आणि आगरकर व टिळक यांनी दिलगिरी प्रदर्शित केली असताही दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले, आणि त्या वास्तव्यावर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. खटल्याच्या वेळी जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला, ही गोष्ट लोकांची सहानुभूती कोणत्या बाजूस होती हे सांगण्यास पुरेशी आहे. तथापि हेतू निर्मळ होता की नाही हा प्रश्न न्यायालयापुढे गौण ठरला. दस्तऐवज खरा होता काय, आणि तो खरा आहे हे ठरविण्यासाठी संपादकांनी कोणते श्रम घेतले, एवढेच तेथे मुख्य होते.

दुसरा प्रकार १८९७ व १९०८ च्या खटल्यांचा. १८९७ साली न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती असा अर्थ ज्यूरीस समजावून दिला व टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १९०८ साली 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखांवरून न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला चालून सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, जी मंडालेस भोगावी लागली. त्याच वर्षी 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही तुरुंगात जावे लागले. या ठिकाणी पडताळणीचा प्रश्नच नव्हता. कितीही दक्षता बाळगली असती तरी ती जोखीम टळण्यासारखी नव्हती, कारण जे म्हणायचे तेच कायद्यास अमान्य होते, आणि लिहिणाऱ्याने ती समजून उमजून पत्करली होती. निष्काळजीपणातून येणारी जोखीम टाळावयाची असते आणि कर्तव्यातून येणारी पत्करावयाची असते, हा विवेक मराठी संपादकांनी आपल्या आचरणातून इतका स्पष्ट करून ठेवला आहे की आजच्या वादाची मोजमापेही त्यावरूनच घ्यावीत असे प्रस्तुत लेखकास वाटते.

संविधानानंतरची स्थिती

संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात त्यावरील निर्बंधांची यादीही दिली. अब्रुनुकसानी व न्यायालयाची बेअदबी ही दोन्ही त्या यादीत आरंभापासून आहेत. १९५० साली रोमेश थापर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पत्राच्या प्रसारावरील बंदी रद्द केल्यानंतर पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध व अपराधास चिथावणी ही कारणे त्या यादीत आली, आणि त्याबरोबरच निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत ही मर्यादाही आली. १९६२ साली केदारनाथ सिंग यांच्या खटल्यात राजद्रोहाचे कलम वैध ठरले, पण हिंसेस अथवा अव्यवस्थेस चिथावणी देण्यापुरते संकुचित होऊन. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अंमल स्थगित ठेवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, परंतु देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयीचे १५२ वे कलम आहे, आणि त्याची व्याप्ती जुन्या कलमाहून कमी की अधिक याविषयी कायदेपंडितांत मतैक्य नाही.

अब्रुनुकसानी

वृत्तपत्राच्या नित्याच्या व्यवहारात मात्र ज्या एका विषयाशी वरचेवर गाठ पडते तो अब्रुनुकसानीचा. तिला दोन मार्ग आहेत. दिवाणी दाव्यात नुकसानभरपाई मागितली जाते, आणि तेथे मजकूर सत्य असल्याचे शाबीत झाले की प्रतिवादीची सुटका होते. फौजदारी फिर्यादीत मात्र केवळ सत्य पुरत नाही, ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. नव्या संहितेच्या ३५६ व्या कलमात जुनी व्याख्या, तिचे दहा अपवाद आणि दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा ही सारी जवळजवळ जशीच्या तशी आली असून सामुदायिक सेवेचा एक पर्याय तेवढा नवा आहे. दिवाणी दाव्यास प्रसिद्धीपासून एक वर्षाची मुदत आहे, फौजदारी फिर्यादीस तीन वर्षांची. यास्तव बातमीदाराने आपली टिपणवही, कागदपत्रांच्या नकला व संभाषणांच्या नोंदी निदान तेवढा काळ जपून ठेवणे अगत्याचे आहे, आणि ही साधी गोष्ट आपल्याकडील पुष्कळ कार्यालयांत होत नाही.

पुष्कळांचा असा समज असतो की 'कथित', 'असे समजते', 'अशी चर्चा आहे' असे शब्द योजले म्हणजे उत्तरदायित्व दुसऱ्याच्या माथी जाते. वस्तुतः ऐकीव आरोपाचा पुनरुच्चार हाही कायद्याच्या दृष्टीने प्रकाशनच होय. त्याचप्रमाणे न्यायालयीन कामकाजाच्या सारतः खऱ्या वृत्तान्तास संहितेतील अपवादाचे जे संरक्षण आहे ते पोलिसांनी बातमीदारांना तोंडी सांगितलेल्या माहितीस आपोआप लाभत नाही. तालुक्याच्या ठाण्यातून आलेली आरोपीची हकीकत आणि न्यायालयात वाचले गेलेले दोषारोपपत्र या दोहोंत कायद्याने मोठे अंतर मानले आहे, आणि उपसंपादकाच्या मेजावर मात्र ती दोन्ही एकाच बातमीत मिसळून जातात. बातमी जपून लिहिलेली असता मथळा बेताल असणे, हा त्याहूनही अधिक वेळा घडणारा प्रमाद. रात्री पाने लावताना जागेच्या हिशोबाने मथळ्यातला 'आरोप' हा शब्द गळतो, आणि ज्याच्यावर नुसता आरोप आहे तो मनुष्य दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्हाभर दोषी ठरलेला असतो.

या विषयाचे मर्म सद्भाव या संकल्पनेत आहे. १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमात प्रामाणिकपणे केलेली गोष्ट, ती निष्काळजीपणाने झालेली असली तरी, सद्भावाने केलेली मानली जाते. दंडसंहितेत मात्र यथायोग्य दक्षता व सावधानता यांवाचून केलेली कोणतीच गोष्ट सद्भावाची ठरत नाही. म्हणजे संपादकाचा प्रामाणिकपणा हा फौजदारी न्यायालयात अर्धाच बचाव आहे. उरलेला अर्धा त्याने चौकशीसाठी काय काय केले यात असतो. अलीगढच्या एका पत्राने सरकारी वकिलांच्या लाचखोरीविषयी छापलेल्या मजकुरावरून झालेली शिक्षा १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, कारण आरोपाला आधार काय आणि लोकहित कोणते हे संपादकास दाखविता आले नाही. त्याच वर्षी हरभजन सिंग यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने असे म्हटले की अपवादाचा आश्रय घेणाऱ्या आरोपीवर निःसंशय सिद्धतेचा भार नाही; शक्याशक्यतेचे पारडे त्याच्या बाजूस झुकले म्हणजे पुरे. हे दोन निर्णय एकत्र वाचले म्हणजे बातमीदारास काय करावयाचे ते पुष्कळसे कळते: दोन स्वतंत्र सूत्रांकडून खातरजमा करावी, मूळ कागद पाहावा, ज्याच्याविषयी लिहावयाचे त्यास छापण्यापूर्वी विचारावे, त्याचे उत्तर आले तर ते छापावे, आणि या सर्वांची तारीखवार नोंद ठेवावी. 'संपर्क होऊ शकला नाही' हे वाक्य रात्री उशिरा एकदा दूरध्वनी करून लिहिलेले असेल, तर ते दक्षतेचा नव्हे, तिच्या अभावाचाच पुरावा होते.

मुंबईच्या 'ब्लिट्झ' या साप्ताहिकाने १९६० साली उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांच्याविषयी एक दीर्घ लेख छापला आणि त्यावरून संपादक रुसी करंजिया यांच्यावर मुंबई उच्च न्यायालयात जो दिवाणी दावा झाला, त्याने या विषयाच्या दोन निरनिराळ्या शाखांना वळण दिले. पहिली शाखा विशेषाधिकाराची: दाव्याच्या अपिलात न्यायालयाने असे मानले की विषय सार्वजनिक महत्त्वाचा आहे एवढ्यावरूनच असत्य मजकुरास संरक्षण मिळत नाही. दुसऱ्या शाखेकडे पुढे यावयाचेच आहे. पहिल्या मुद्द्यावर विचार पुढे गेला तो १९९४ च्या राजगोपाल प्रकरणाने. तमिळ साप्ताहिक 'नक्कीरन'संबंधीच्या त्या निर्णयात सार्वजनिक अभिलेखांवर आधारलेले लेखन मुक्त आहे, लोकसेवकाच्या अधिकृत कर्तव्यासंबंधी लिहिताना वाजवी पडताळणी केली असल्याचे दाखविणे प्रतिवादीस पुरे आहे, आणि अब्रुनुकसानीच्या भीतीने शासनाने आगाऊ मनाई करू नये, ही तत्त्वे मांडली गेली. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९९ साली रेनॉल्ड्स खटल्यात जबाबदार पत्रकारितेच्या ज्या दहा कसोट्या सांगितल्या त्यांचा रोखही हाच होता.

छायाचित्रांची जोखीम वेगळी सांगितली पाहिजे. २००८ साली एका इंग्रजी वृत्तवाहिनीने भविष्यनिर्वाह निधीच्या घोटाळ्याच्या बातमीत, नामसाधर्म्यामुळे, भलत्याच न्यायाधीशांचे म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती व प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष पी. बी. सावंत यांचे चित्र काही सेकंद दाखविले. पुण्याच्या न्यायालयाने २०११ साली शंभर कोटी रुपयांची भरपाई ठरविली, आणि अपिलाच्या काळात हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबविण्यासाठी उच्च न्यायालयाने वीस कोटी रोख व ऐंशी कोटींची बँक हमी मागितली. प्रकरण दूरचित्रवाणीचे आहे, परंतु संग्रहातून छायाचित्र काढून पानावर लावणाऱ्या प्रत्येक वृत्तपत्रीय कार्यालयास ते लागू आहे. आणि इतकी रक्कम जिल्हापत्राची सारी मालमत्ता विकूनही उभी राहणार नाही हेही तितकेच खरे.

संपादकाच्या उत्तरदायित्वाविषयी १८६७ च्या कायद्याखाली न्यायालयांनी जे धोरण घेतले ते थोडक्यात असे: ज्याचे नाव संपादक म्हणून छापले आहे त्याच्याविरुद्ध गृहीतक उभे राहते, संपादक मंडळातील इतरांविरुद्ध ते राहत नाही, असे महाराष्ट्र शासन विरुद्ध चौधरी या १९६७ च्या प्रकरणात ठरले, मात्र मुख्य संपादकास मजकुराची माहिती होती असे फिर्यादीने दाखविल्यास तोही सुटत नाही, असे मॅथ्यू यांच्या २००२ च्या प्रकरणात.

न्यायालय आणि विधिमंडळ

ठाकरसींच्या दाव्यातील दुसरी शाखा ती ही. दावा चालू असता एका साक्षीदाराने आपल्या जबानीच्या प्रसिद्धीमुळे व्यापाराचे नुकसान होते अशी तक्रार केली, आणि न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती प्रसिद्ध करू नये असा तोंडी हुकूम दिला. 'ब्लिट्झ'चे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. १९६६ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचा अपवाद वगळता, उच्च न्यायालयास असा हुकूम देण्याचा अंगभूत अधिकार आहे असे ठरविले. २०१२ साली सहारा प्रकरणात याच धाग्यावरून प्रसिद्धी काही काळ पुढे ढकलण्याच्या हुकमांचे तत्त्व विकसित झाले. उघड्या न्यायालयातील कामकाज छापण्याचा हक्क आणि पक्षकारास निःपक्ष न्याय मिळण्याचा हक्क यांचा समतोल कोठे साधावा, याविषयी हिदायतुल्ला यांचे विरोधी मत आजही अभ्यासकांना विचार करावयास लावते.

बेअदबीच्या इतिहासात गांधीजींचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी सत्याग्रही वकिलांसंबंधी उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रारास लिहिलेले पत्र १९१९ साली 'यंग इंडिया'ने टीकेसह छापले. न्यायालयाने सुचविलेल्या शब्दांत क्षमायाचना करण्यास गांधीजी तयार झाले नाहीत. १९२० साली त्यांना व प्रकाशक महादेवभाई देसाई यांना कडक समज देऊन प्रकरण संपले. १९७१ च्या कायद्याने कामकाजाचा यथार्थ वृत्तान्त आणि निकाली प्रकरणावरील न्याय्य टीका यांना संरक्षण दिले, व २००६ च्या दुरुस्तीने लोकहितास धरून असलेले सत्य हा बचाव मान्य केला. त्यानंतरही 'न्यायालयाची निंदा' या प्रकाराची सीमा मात्र न्यायाधीशागणिक बदलते असे म्हणावे लागते.

विधिमंडळाच्या विशेषाधिकारांची स्थिती याहून अस्पष्ट आहे, कारण ते अद्याप संहिताबद्ध झालेले नाहीत. कामकाजातून काढून टाकलेला मजकूर छापणे हा भंग होय, असे 'सर्चलाइट' प्रकरणापासून मानले जाते. आचार्य कृपलानींवरील लेखाबद्दल करंजियांना १९६१ साली लोकसभेच्या कठड्याशी उभे राहून ठपका ऐकावा लागला. फिरोज गांधींच्या प्रयत्नाने आलेला, संसदेच्या कामकाजाच्या वृत्तान्तास संरक्षण देणारा १९५६ चा कायदा आणीबाणीत रद्द झाला, १९७७ साली पुन्हा आला, आणि १९७८ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-अ घालून सभागृहाच्या सारतः खऱ्या वृत्तान्तास संवैधानिक संरक्षण दिले.

जे छापूच नये

काही बाबतींत वादास फारसा अवकाश नाही. लैंगिक अत्याचाराच्या बळीची आणि विधिसंघर्षग्रस्त अथवा पीडित बालकाची ओळख प्रकट करणे हा अपराध आहे, आणि २०१८ च्या निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नाव गाळूनही ज्यायोगे ओळख पटेल असा तपशील देता येत नाही. छोट्या गावाचे नाव, वडिलांचा व्यवसाय आणि शाळेची इयत्ता एवढ्यावरून सारे गाव ओळखते, हे जिल्हा आवृत्तीच्या उपसंपादकाने कायम ध्यानात ठेवले पाहिजे. तेथे चुकीची किंमत पत्रास नव्हे, त्या मुलीला मोजावी लागते.

निरनिराळे मतप्रवाह

उपायांविषयी मात्र विचारी लोकांत तीव्र मतभेद आहेत. एक पक्ष म्हणतो, फौजदारी अब्रुनुकसानी रद्दच करावी. श्रीलंकेने २००२ साली आणि इंग्लंडने २००९ च्या कायद्याने तसे केले, आणि त्यामुळे तेथील लोकांची अब्रू उघड्यावर पडली नाही. प्रतिष्ठेचे नुकसान हा दोन व्यक्तींमधील प्रश्न असून त्यासाठी कैदेची तरतूद असणे हे अभिव्यक्तीस भय दाखविणेच होय, असे या पक्षाचे म्हणणे. दुसरा पक्ष सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या सुब्रमण्यम स्वामी निर्णयाचा आधार घेतो: प्रतिष्ठा हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि दिवाणी दाव्यास लागणारा काळ व न्यायालयशुल्क पाहता सामान्य माणसास फौजदारी फिर्यादीवाचून दुसरा परवडणारा मार्ग नाही. या दुसऱ्या युक्तिवादात वजन आहे; ज्याच्यावर खोटा आरोप छापला गेला तो शाळाशिक्षक किंवा ग्रामसेवक काही बलवान नसतो, आणि पत्र त्याच्या तुलनेत बलवान असते.

तिसरा पक्ष आत्मनियमनाचा. १९६६ साली स्थापन झालेले, आणीबाणीत मोडलेले व १९७८ च्या कायद्याने पुन्हा उभे राहिलेले प्रेस कौन्सिल आचारसंहिता देते, तक्रारी ऐकते, समज देते. शिक्षा करण्याचा अधिकार त्यास नाही. तो असावा असे काहींना वाटते, तर इतरांस असे वाटते की अधिकार आला की कौन्सिलच सरकारचे हत्यार होईल. वाचकांचा प्रतिनिधी नेमणे व खुलासा ठळकपणे छापणे हे उपायही याच वर्गातले. चौथा विचार व्यवहारी वकिलांचा: धोक्याचा मजकूर छापण्यापूर्वी वकिलाकडून वाचून घ्यावा. मोठ्या पत्रांत ही प्रथा रुळली आहे. तीविरुद्धचा आक्षेप असा की वकिलास टाळणे सोपे असते आणि छापणे अवघड. सल्ला वारंवार घेतला की हळूहळू कार्यालयात मजकूर लिहिण्यापूर्वीच तो गाळण्याची सवय लागते, आणि आपण काय गाळले हे कोणासच कळत नाही. आमच्या मते वकिलास 'हे छापावे काय' असे न विचारता 'हे छापण्यासाठी आणखी कोणता पुरावा हवा' असे विचारण्याची शिस्त लावल्यास या आक्षेपाचे पुष्कळसे निरसन होते.

अनिर्णित प्रश्न

फिर्याद अंती फेटाळली गेली तरी तीपायी वर्षानुवर्षे तारखांना हजर राहणे हीच शिक्षा होते, हे सर्वच पक्ष मान्य करतात. उपायावर एकमत नाही. आरोपी कार्यक्षेत्राबाहेर राहत असल्यास समन्स काढण्यापूर्वी चौकशी करणे दंडाधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेने तक्रारीची दखल घेण्यापूर्वी आरोपीस म्हणणे मांडण्याची संधी देण्याची नवी तरतूद केली आहे. निराधार फिर्यादींना ही गाळणी पुरेशी पडते काय, की त्यामुळे आणखी एक टप्पा वाढून तारखाच वाढतात, हे काही वर्षांच्या अनुभवानंतर कळेल. अंतरिम मनाईहुकमाविषयी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग प्रकरणात खालच्या न्यायालयांना बजावले की सुनावणीपूर्वी लेख काढावयास लावणे हे त्यास देहदंड देण्यासारखे होऊ शकते. परंतु भारतभर पसरलेल्या दिवाणी न्यायालयांत एकतर्फी हुकूम मिळविणे त्यामुळे कितपत दुर्घट होईल, हाही प्रश्नच आहे.

गोपनीयतेचा प्रश्न सर्वांत नवा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या पूर्वीच्या मसुद्यांत पत्रकारितेस सूट होती. अंतिम कायद्यात ती नाही, आणि त्याच कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या आठव्या कलमातील वैयक्तिक माहितीविषयीचा लोकहिताचा अपवादही बदलला आहे. आजवर अधिकाऱ्यांच्या मालमत्तेची, लाभार्थ्यांच्या याद्यांची, बदल्यांच्या नोंदींची जी कागदपत्रे अर्ज करून मिळत असत व ज्यांच्या आधारे जिल्ह्याजिल्ह्यांतील बातमीदार आपली दक्षता न्यायालयात शाबीत करीत असत, ती यापुढे कोणत्या मार्गाने मिळावयाची, आणि मिळालेली छापली तर माहितीधारकाच्या संमतीचे काय, या प्रश्नाचे उत्तर अद्याप ना कायद्याने दिले आहे ना न्यायालयाने.